चार तारा आणि एक बल्ब

जगातल्या यच्चयावत अडचणींचं मूळ चुकीच्या जागी जोडलेल्या तारेत असतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि नेमका तोच माझा मामेसासरा निघाला. लग्नानंतर बायकोच्या मामांना भेटायला पहिल्यांदा पारनेरला गेलो, तेव्हा बोलता बोलता मी माझ्या वडिलांच्या गुडघेदुखीचा विषय काढला. मामांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "जोड सैल झाला आसंल. आधी जोड तपासा, औषध मागनं." मला वाटलं माणूस थट्टा करतोय. पण मामा थट्टा करत नव्हते. घरातला नळ असो, गावातलं राजकारण असो, की धाकट्या मुलाचं न जमणारं लग्न असो, मामा पहिल्यांदा एवढंच विचारायचे की कोण कोणाला जोडलंय आणि मध्ये कुठे तुटलंय. एवढं विचारून झालं की पुढची जबाबदारी आपली नाही अशा थाटात ते पुन्हा आपल्या रेडिओच्या खोलीत जाऊन बसायचे.

मामांनी पोलीस वायरलेसमध्ये उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक देवाला लागतात, शेतीला लागतात, निदान निवडणुकीला तरी लागतात. मामा हौशी रेडिओला लागले. सरकारी परवाना काढून घरच्या घरी यंत्रं जुळवायची आणि सकाळच्या वेळी हवेवरून महाराष्ट्रभरच्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी गप्पा मारायच्या, असा तो नाद. रिकामटेकडे हा शब्द माझा नव्हे, मामींचा. एक यंत्र फक्त बोलायचं आणि दुसरं फक्त ऐकायचं. दोन्ही मामांनी स्वतः जोडलेली, त्यामुळे त्यांच्यात सतत काहीतरी बिघडलेलं असायचं आणि मामा त्यामुळे सतत सुखी असायचे. आजूबाजूचे मात्र तेवढे सुखी नव्हते. मामांनी बोलायचं बटण दाबलं की शेजारच्यांच्या टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या, आणि भर मालिकेत सासू सुनेला घराबाहेर काढत असताना मामांचा खणखणीत आवाज यायचा, "आपला आवाज स्वच्छ येत आहे, ओव्हर." शेवटी आळीतल्या चार बायकांनी येऊन मामींशी तह केला आणि मामांचं बोलणं सकाळी आठच्या आत आटोपू लागलं.

वायरलेसवाले एकमेकांचा आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा शब्द किती कळतात त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाज किती जोरकस त्याचा, नवापैकी. मामांनी ही पद्धत सबंध संसाराला लावून टाकली होती. मामींची आमटी फाइव्ह सेव्हन व्हायची, म्हणजे समजली सगळी, पण जोर जरा कमी. गावातल्या एका पुढाऱ्याचं भाषण वन नाईन. मला पहिल्या भेटीत थ्री फाइव्ह मिळाले आणि ते पुढे पाच वर्षांत फोर सिक्सच्या वर काही गेले नाहीत. मी नगरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो, त्यामुळे दुसऱ्यांना गुण देण्याची सवय मला आहे, घेण्याची नाही.

त्या खोलीत दोन घड्याळं होती. एक आपलं आणि एक ग्रीनविचचं. रेडिओवाल्यांची वही ग्रीनविचच्या वेळेत लिहायची असते, असं मामा सांगायचे. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एकदा दुपारी त्या खोलीत पडल्या पडल्या मला डुलकी लागली. जाग आली तर समोर साडेदहा. म्हटलं मेलो, शाळा बुडाली, रात्र कुठे गेली कळलंच नाही. मी तडक न्हाणीघरात जाऊन दात घासायला लागलो. मामी चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि कप खिडकीत ठेवून परत गेल्या. अशी माणसं त्या घरात त्यांनी आधी पाहिलेली असावीत.

पण मामांचा खरा जीव होता तो अँटेनांवर. गच्चीवर चार होत्या. गच्चीपासून मागच्या लिंबापर्यंत गेलेली एक लांबलचक तार चारी दिशांचं सगळं ऐकायची, म्हणून तिचं नाव आत्या. लोखंडी पाइपावरची दुसरी एकाच दिशेला तोंड करून बसायची आणि हाताने वळवल्याशिवाय मान फिरवायची नाही. तिला ते जावई म्हणत, आणि म्हणताना माझ्याकडे बघत. उरलेल्या दोघींना नावं नव्हती, नंबर होते. यांतली कोणती कधी कोणत्या यंत्राला जोडायची हा मामांच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न. जवळचं ऐकायला एक बरी, लांबचं ऐकायला दुसरी, बोलायला तिसरीच. शिवाय बोलणारं आणि ऐकणारं यंत्र चुकून एकाच वेळी एका तारेवर आलं, तर ऐकणारं जळून जायचं. "जावईबापू, बोलनाऱ्यानं बोलताना ऐकनाऱ्याला बाजूला सोडवावं लागतं," मामा म्हणायचे. मी होकार भरायचो. पाचवी जागा होती ती बल्बाची. यंत्र तपासताना उगाच हवेवर कालवा होऊ नये म्हणून सगळी शक्ती एका साध्या बल्बात सोडायची. हा बल्ब गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला होता. बल्ब पेटतो, खोलीत यंत्रावरची शक्ती दाखवणारी सुई नाचते, आणि बाहेर कोणालाही काही ऐकू जात नाही.

आता मामांच्या एका दोस्ताबद्दल सांगितलं पाहिजे. मामा आणि तो वायरलेसमध्ये एकाच दिवशी भरती झालेले. नोकरी संपल्यावर तो भंडारदऱ्याच्या वर आपल्या गावी जाऊन राहिला, भाताची दोन खाचरं आणि एक अँटेना घेऊन. रोज सकाळी सात वाजता हे दोघं हवेवर भेटायचे. घरात पारनेरचं अस्सल बोलणारे मामा माइक हातात आला की छापील मराठी बोलायला लागायचे. "आज इकडे हवामान कोरडे आहे. तुमच्याकडील परिस्थिती कळवावी, ओव्हर." पलीकडून तितकंच छापील उत्तर यायचं. दोघांना एकमेकांच्या घरचं सगळं ठाऊक होतं, पण बोलायचे ते पावसाचं आणि तारांचं. हे वीस मिनिटांचं बोलणं झाल्याशिवाय मामा आंघोळीला उठत नसत.

त्या दोस्ताच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलीच्या आईला भाऊ नव्हता. नवरीला मंडपात आणायला आणि तिच्या पाठीशी उभं राहायला मामा लागतो. दोस्त म्हणाला, मामा हाच. आमच्या मामांचं घर बौद्ध, त्याचं घर डोंगरातलं, देवाधर्माचं. भावकीत कुरकुर झाली, दोघाचौघांनी नाकं मुरडली. त्याने सरळ सांगितलं की पोरीचा मामा तोच, ज्याला पटत नसेल त्याने जेवायला येऊ नये. हे ऐकून आमचे मामा आठ दिवस जमिनीवर नव्हते. नगरला येऊन त्यांनी पांढरा सदरा शिवून घेतला, तीनदा मापाला गेले. मी त्यांना इतकं हरखलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मुहूर्त दोस्ताने रेडिओवरच सांगितला, बारा पस्तीस. मामांनी तो वहीत टिपून ठेवला. पुढे पोस्टाने पत्रिका आली, ती न वाचताच वहीत घातली, कारण माहिती आधीच मिळाली होती. मामी त्या वेळी मुलीच्या बाळंतपणाला नगरला. लग्नाच्या आदल्या दिवशी मामांनी वही उघडली. वहीतली वेळ ग्रीनविचची, तेव्हा त्यात साडेपाच तास मिळवले आणि सहा पाचचा, संध्याकाळचा मुहूर्त आहे असं ठरवून ते सकाळी निवांत निघाले. संगमनेरला गाडी बदलली, अकोले गावात बदलली. पाच वाजता नवा सदरा घालून गावात पोचले, तेव्हा मांडववाले कनाती गुंडाळत होते आणि नवरी सासरी निघून गेली होती. नवरीला मंडपात आणलं ते भावकीतल्या एकाने, ज्याने सगळ्यात जास्त नाक मुरडलं होतं त्यानेच. दोस्त पालथ्या घातलेल्या घंगाळावर बसला होता. मामांकडे बघून तो एवढंच म्हणाला, "जेवून घे."

इथे मामांनी पाय धरले असते तर गोष्ट मिटली असती. पण मामांना आपला हिशोब चोख वाटत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, सगळे हौशी रेडिओवाले ऐकत असताना, त्यांनी छापील मराठीत दोस्ताला सुनावलं की रेडिओवर वेळ सांगताना ती कोणती हे स्पष्ट करण्याचा प्रघात आहे. पलीकडून प्रथमच साधं मराठी आलं. "पोरीचं लगीन काय इंग्लंडात हुतं का रं?" आणि मग काहीच नाही. हे सगळं मामांनीच मला सांगितलं, तेही आपली बाजू किती पक्की आहे हे पटवायला. मी म्हणालो, "मामा, तुमचं चुकलं." ते म्हणाले, "तुमाला यातलं कळत न्हाई." जून गेला, जुलै गेला. रोज सात वाजता दोस्ताचा आवाज यायचा, तो इतरांशी बोलायचा, आणि मामा माइक बाजूला ठेवून नुसते ऐकत बसायचे. इतर कोणाशी बोलणंही त्यांनी सोडलं. मामी मला हळूच म्हणाल्या, "ह्यांचं जेवान निम्म्यावर आलंय. तुमी तरी समजावा."

समजावणार कोण. मामांनी दुःखावर आपला नेहमीचा उपाय काढला, म्हणजे तारा. मोठ्या मुलाने पुण्याहून ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर पाठवला होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारा. मामांनी तो सगळ्या तारा आणि बल्ब जिथे येऊन मिळायचे त्या पेटीला जोडला. आता हाताने बटणं फिरवायला नकोत. पडद्यावर एक कोष्टक, त्यात लिहायचं की बोलताना कोणती तार, ऐकताना कोणती, सकाळी कोणती, दुपारी कोणती. आकडा बदलला की पेटीत टक असा आवाज होऊन तारा आपोआप अदलाबदल करायच्या. पावसाळाभर ते त्याच्याशी झटले. एरवी मराठी वर्तमानपत्राशिवाय काही न वाचणारा हा माणूस कॉम्प्युटरची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचत होता. कौतुक करावं तेवढं थोडं, पण मला राहून राहून वाटायचं, की एवढ्या खटपटीत हा माणूस तीन गाड्या बदलून भंडारदऱ्याला दहा वेळा जाऊन आला असता.

दिवाळीत आम्ही पारनेरला होतो. पाडव्याच्या सकाळी मामांनी मला हाक मारून खोलीत बसवलं. म्हणाले, "आज बोलतो त्याच्याशी." मी म्हटलं, मामा, सरळ फोन करा, नाहीतर जाऊन या. ते म्हणाले, "चारचौघांच्या हवेत तोंड सोडलं, आता फोनवर गुपचूप माफी मागू व्हय?" सात वाजले. दोस्ताचा आवाज आला. सगळ्यांना शुभेच्छा देऊन त्याने विचारलं, आणखी कोणी आहे का. मामांनी बटण दाबलं, पेटीत टक झालं. आणि मामा माइकवर आपल्या घरच्या भाषेत बोलायला लागले, तशी शब्दागणिक सुई नाचायला लागली.

"मी बोलतोय. तू मला मामा केलास. तुज्या भावकीला अंगावर घिऊन केलास. आन मी घड्याळ बरूबर हुतं म्हनून भांडत बसलो. पत्रिका उघडून बघितली न्हाई. घड्याळाचं काय बी चुकलं न्हाई, माजं चुकलं. पोरगी मांडवात माज्यासाठी उभी ऱ्हायली आसंल, त्ये डोळ्यापुढनं जात न्हाई. मला माफ कर. ओव्हर."

मामांनी बटण सोडलं. पलीकडून थोडा वेळ खरखर आली, मग दोस्ताचा शांत आवाज, "कोणी असल्यास उत्तर द्यावे." मामांनी परत सगळं सांगितलं. परत तोच आवाज, "कोणी नसल्यास बंद करतो." आणि त्याने खरंच बंद केलं. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऐकून न ऐकल्यावानी करतोय. बरूबर हाय त्याचं." तरी पुढे आठ दिवस ते रोज सकाळी त्याला हाका मारत बसले. मग माइकवर रुमाल टाकला, आणि जावई नावाची अँटेना उतरवून भिंतीला उभी केली.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गेलो. मामा ओट्यावर ऊन खात बसले होते. अंगावर शाल आणि चेहऱ्यावर काही नाही. मामी गोधड्या वाळत घालून गच्चीवरून उतरल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "अवो, त्यो टाकीमागचा बल्ब गेला का? दिवाळीत तुमी बोलायचात तवा कसा लुकूलुकू पेटायचा. पाडव्याला तर लई येळ पेटला हुता."

मामांनी शाल बाजूला केली. "कुठला बल्ब?"

"डब्यातला. तुमी बोलला की पेटायचा, थांबला की इझायचा. मला वाटलं, आसंच आसतं."

मामा उठून खोलीत गेले, मी मागोमाग. कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं लागली, ती मला पाच तासांची वाटली. कोष्टक आलं. सकाळी, ऐकताना, एक. सकाळी, बोलताना, पाच. पावसाळ्यात तपासणीसाठी घातलेला पाच, म्हणजे बल्बाचा नंबर, तसाच राहिला होता. आठ दिवस मामा दोस्ताला स्वच्छ ऐकत होते आणि स्वतःची सगळी माफी टाकीमागच्या तेलाच्या डब्यात ओतत होते. सुई नाचत होती, कारण सुईला बल्ब काय आणि हवा काय, दोन्ही सारखंच. मला तेव्हा आठवलं की दिवाळीत शेजारच्या काकूंनी मुद्दाम येऊन सांगितलं होतं, यंदा टीव्ही फार छान दिसतोय. ते ऐकून आम्ही सगळे खूश झालो होतो. आमच्यासारखे शहाणे आम्हीच.

मामांनी पाचाचा तीन केला. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी थांबलो. सातला दोस्ताचा आवाज आला आणि मामांनी बटण दाबलं. आवाज इतका कापत होता की मामा छापील मराठीच्या आडोशाला गेले. "आपला आवाज स्वच्छ येत आहे, ओव्हर." पलीकडे खरखर झाली. मग, "इतकं दिस कुठं हुतास?"

"हितंच हुतो. दिवाळीत आठ दिस तुला बोलवत हुतो. तार चुकीच्या जागी हुती. ओव्हर."

"काय म्हनत हुतास?"

मामांनी बटण दाबलं. पेटीत टक झालं. मी सुईकडे बघत होतो, पण बोललं तरच नाचणारी ती सुई जागची हलली नाही. मामांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. दोन वेळा सांगितलेलं तिसऱ्यांदा सांगणं त्यांना जमलं नाही, आणि त्यांनी बटण सोडून दिलं. दोस्ताने थोडी वाट पाहिली. मग म्हणाला, "बरं. संक्रांतीला पोरीला म्हायेरी आनायचं हाय. मुराळी म्हनून कुनाला धाडावं ते ठरत न्हवतं. तिची आई म्हनती, मामानं जावं. ओव्हर." मामा म्हणाले, "जातो." एवढंच. ते दोन दिवस आधी गेले, पोरीला सासरहून घेऊन आले, आणि तिने वाटेत मामा मामा करून डोकं कसं खाल्लं ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते. मी विचारलं, तिकडे गेलात तेव्हा ते बोललात का. म्हणाले, "आता काय त्याचं? तार लागली ना." मला ते पटलं नाही. मी तसं म्हटलंही. मामांनी मला टू थ्री दिले.

त्यानंतर चारेक वर्षं दोघांचं रोजचं बोलणं पुन्हा सुरू होतं, पावसाचं आणि तारांचं. मग मामा गेले. दोस्त तिसऱ्या दिवशी आला, सोबत मुलगी आणि तिचं लेकरू. मुलगी मामींच्या गळ्यात पडली. दोस्त मला गच्चीवर घेऊन गेला आणि आत्याची तार धरून उभा राहिला. म्हणाला, "तुमी हुता न्हवं त्या दिवाळीत? काय बोलला हुता त्यो?" मी पाडव्याच्या सकाळचा शब्दन् शब्द सांगितला. मामांच्या भाषेत सांगायला गेलो, मराठीचा मास्तर असून मला ती नीट येत नाही, तरी सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता.

"आसंच काय तरी आसंल, ठावं हुतं मला," तो म्हणाला. "पन त्यो बोलला आसता, तर मीबी माजं बोललो आसतो. मांडवात भावकी म्हनाली, ही मानसं अशीच, यायचा न्हाई त्यो. आन मी मान हलवली हो. घटकाभरबी वाट बघितली न्हाई. चार वर्सं रोज सकाळी वाटायचं, आज त्यानं काढलं की आपून बी सांगू. त्यानं काढलं न्हाई."

एकाचं बोलणं मी ऐकलं होतं आणि आता दुसऱ्याचंही ऐकलं. ज्यांनी एकमेकांचं ऐकायचं ते दोघं रोज सकाळी वीस मिनिटं पावसाबद्दल बोलत राहिले. खालून मामींनी हाक मारली, तसे आम्ही दोघं जिना उतरून खाली आलो.